एकवीस अन् वर

रंगनाथभाऊंना एकवीसपर्यंतच आकडे येत. त्यापुढचं जगातलं सगळं त्यांच्या लेखी ‘एकवीस अन् वर’. जिन्याच्या पायऱ्या, आभाळातल्या चांदण्या, शेवग्याच्या शेंगा, माझं वय, सगळं एकवीस अन् वर. ओळख जरा जुनी झाल्यावर मी एकदा विचारलं, “भाऊ, एकवीसच का? वीस का नाही?”

“माझ्या खाटंचा नंबर व्हता ना,” ते म्हणाले. “तिथवर शिकलो. म्होरं काय कामच पडलं नाय.”

त्यांच्या आयुष्याची हकीकत कुणी विचारली, तर याहून फार वेगळं मलाही सांगता यायचं नाही. सिल्लोड तालुक्यातल्या एका गावात, कापूस-मका करणाऱ्या घरात जन्म. चालायला उशिरा लागले, बोलायला त्याहून उशिरा. नऊ-दहा वर्षांचे असताना वडलांनी एसटीत बसवून शहरातल्या मुलांच्या वसतिगृहात आणून सोडलं. अठरा झाल्यावर नियमाप्रमाणे दुसऱ्या गावच्या, मोठ्या पुरुषांच्या वसतिगृहात पाठवलं. तिथं एका दालनात चाळीस खाटा. त्यातल्या एकविसाव्या खाटेवर त्यांनी तीस वर्षं काढली. तिथं त्यांना कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त कुणी काही विचारलं नाही.

मग ते आमच्याकडं आले.

आमचं घर म्हणजे सिडकोतल्या एका गल्लीतलं दोन मजली रो-हाउस. वसतिगृहांत आयुष्य काढलेल्या माणसांनी चारचौघांसारखं घरात राहून बघावं, म्हणून एका संस्थेनं ते भाड्यानं घेतलं होतं. सहा पुरुष आणि मी. माझ्या पदाचं नाव गृहमाता. प्रत्यक्षात स्वयंपाकापासून औषधांपर्यंत आणि टीव्हीच्या रिमोटवरच्या भांडणापासून गल्लीतल्या तक्रारींपर्यंत सगळं माझ्याकडं. कागदोपत्री सहाही जण ‘बौद्धिक दिव्यांग’, गल्लीत ‘ती पोरं’. त्या पोरांतलं सगळ्यांत धाकटं पोर, पप्पू, तीस वर्षांचं. आणि सगळ्यांत थोरले रंगनाथभाऊ, पन्नाशीला टेकलेले, केस पांढरे, पुढचे दोन दात गेलेले.

पहिल्या दिवशी मीही सवयीनं म्हणून गेले, “रंगनाथ, ये रे, ही तुझी खोली.”

ते उंबऱ्यातच थांबले. हातात एक कापडी पिशवी, तीस वर्षांचा संसार त्यात. जमिनीकडं बघत, पण अगदी स्पष्ट म्हणाले, “भाऊ म्हना. म्या मोठा हाय.”

मला शरम वाटली. इतक्या वर्षांत मी किती पांढऱ्या केसांच्या माणसांना अरे-तुरे केलं असेल, ते त्या क्षणी आठवलं. त्या दिवसापासून ते रंगनाथभाऊ झाले, आणि मी त्यांची ताई.

त्याच संध्याकाळी मी नेहमीसारखं सगळ्यांना विचारलं, “उद्या भाजी कुठली करायची?” बटाटा, वांगं, पनीर अशी रोजची ओरड झाली. रंगनाथभाऊ गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. मला वाटलं, प्रश्न कळत नसेल. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तर ते मागून येऊन उभे राहिले.

“ताई, ते इचारलं व्हतं ना तुमी.”

“काय?”

“भाजी.”

“हं, मग कुठली करू?”

“कारल्याची.” मग घाईनं, “पन आज नाय. मंगळवारी.”

मंगळवारच का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. माणसाला आयुष्यात पहिल्यांदा निवड करायला मिळाली की तो भाजीही निवडतो आणि वारही, असं मला आता वाटतं. मंगळवारी कारली झाली. बाकी पाच जणांनी ताटं सरकवली, पप्पूनं तर घास थुंकून निषेध नोंदवला. रंगनाथभाऊंनी एकट्यानं अख्खी कढई संपवली आणि शेवटी जाहीर केलं, “कडू हाय. पन माझी हाय.”

पुढं अकरा वर्षं आमच्या घरात मंगळवार हा कारल्याचा वार होता.

सकाळी उठले की त्यांचा एक नेम असे. प्रत्येकाच्या खोलीच्या दाराशी जायचं आणि पूर्ण नाव घेऊन विचारायचं, “झोप लागली का?” उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. आमच्यातले मुकुंदराव बोलत नसत, नुसतं गुणगुणत. त्यांच्या दाराशी रंगनाथभाऊ गुणगुणणं सुरू होईपर्यंत उभे राहत. मला विचारायचं राहिलं, असं एकदाही झालं नाही. मला ताप आला होता तेव्हा दर अर्ध्या तासानं दार वाजवून “झोप लागली का?” विचारत होते, त्यामुळं ती अर्थातच लागली नाही.

कुठल्याही घाईवर त्यांचं एकच वाक्य होतं, “होतंय, होतंय.” रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवतोय, डॉक्टरांची वेळ निघून चाललीय, मी जिन्याखालून ओरडतेय, आणि वरून शांत आवाज येतोय, “होतंय, ताई, होतंय.” बटणं स्वतःच लावायची, सगळी लावायची, गळ्याजवळचंसुद्धा, हा त्यांचा हट्ट. आणि बहुतेक वेळा होतही असे.

आमच्या गल्लीच्या टोकाला सलीमभाईंची पिठाची गिरणी होती. रंगनाथभाऊ रोज तिथं जाऊन उभे राहायचे. गिरणीचा आवाज त्यांना आवडे. पट्टा फिरायला लागला की त्यांचं डोकं त्या तालावर हलायचं. पहिले काही दिवस सलीमभाईंनी दुर्लक्ष केलं, मग एक दिवस म्हणाले, “रंगाभाई, खडे क्या हो, वो डब्बा इधर सरकाओ.” त्यांनी डबा सरकवला. दुसऱ्या दिवशी दोन सरकवले. महिनाभरानं ते गिरणीतले झाले. पहिला पगार आणला, त्या दिवशी त्यांनी सगळ्या घराला जिलबी खिलवली आणि अंगावरचं पीठ दोन दिवस झटकू दिलं नाही.

त्यांना वाचता येत नव्हतं. डब्यांवर नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या असत, त्या सलीमभाई बघायचे. रंगनाथभाऊंचं काम उचलायचं आणि ठेवायचं. आम्हा सगळ्यांची हीच समजूत होती, पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

पोळ्याला घरोघर पुरणपोळी, त्यामुळं आदल्या दिवशी गिरणीत डब्यांचा डोंगर. त्यात त्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की माणसं बाकी सगळं विसरतात. सलीमभाईंच्या पत्र्यावरची टाकी भरून वाहायला लागली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पाणी पत्र्याच्या फटींतून थेट दळून ठेवलेल्या डब्यांवर. झाकणं घट्ट होती म्हणून पीठ वाचलं. पण चिठ्ठ्यांचा लगदा झाला. तीस-पस्तीस डबे, सगळे स्टीलचे, सगळे सारखे. आणि दारात बायकांची रांग.

मीही त्या रांगेत होते. सलीमभाई डोक्याला हात लावून बसले होते. “या अल्ला, अब किसका कौनसा?”

रंगनाथभाऊ पुढं झाले. एक डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, जरा हलवला, खाली ठेवला. “ह्यो मास्तरीणबाईंचा. पोटाला खड्डा हाय. दिवाळीत पडला व्हता.”

मास्तरीणबाई पुढं आल्या. झाकण उघडलं. “अगंबाई, हो की!”

दुसरा. “ह्यो कोपऱ्यावरच्या आजीचा. कडी ढिल्ली.” तिसरा. “ह्यो नव्या वैनींचा. झाकन उलटं लावत्यात.” चौथा. पाचवा. सलीमभाई उठून उभे राहिले. रांगेतल्या बायका पुढं सरकल्या. तो माणूस एकेक डबा असा उचलत होता, जसं एखादी दाई बाळ उचलते, आणि ज्याच्या त्याच्या हातात देत होता. मग एक जड डबा आला. रंगनाथभाऊंनी तो हलवला आणि मोठ्यानं म्हणाले, “ह्यो गुलाबी घरवाल्या वैनींचा. ह्यात सोयाबीन हाय. साहेबांना सांगायचं नाय, असं म्हनल्या व्हत्या.”

गुलाबी घरातले साहेब त्या दिवशी सुट्टी असल्यामुळं स्वतःच डबा न्यायला आले होते. जन्मभर ‘मला सोयाबीन सोसत नाही’ म्हणणारे. रांगेत जो हशा उसळला, तो गिरणीच्या आवाजावर गेला. साहेबही हसले. काय करतात?

एकच बाई अडून बसल्या. “हा माझा नाहीच. माझा याहून मोठा आहे.” रंगनाथभाऊ म्हणाले, “तुमचाच हाय.” बाईंनी दुसराच डबा उचलला आणि तरातरा निघून गेल्या. रंगनाथभाऊंनी तो खरा डबा बाजूला ठेवला आणि वर स्वतःचा रुमाल टाकला. “येत्याल,” ते म्हणाले. दहा मिनिटांनी बाई परत आल्या. नेलेल्या डब्यात बाजरीचं पीठ निघालं होतं.

त्या दिवसापासून सलीमभाई नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “चिठ्ठी-बिठ्ठी छोडो, रंगाभाईला डबा दाखवा.” आणि गल्लीत ‘ती पोरं’ हा शब्द हळूहळू कमी ऐकू यायला लागला.

त्यांना मतदार ओळखपत्र मिळालं ते असंच, उशिरानं. एकदा निवडणुकीच्या गाड्या भोंगे वाजवत फिरत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “हे समद्यांना बोलवत्यात. मला कामून नाय?” आमच्या सहांपैकी कुणाचंही नाव यादीत नव्हतं, कारण ते असावं असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. अर्ज भरले, खेपा घातल्या, आणि पुढच्या निवडणुकीला रंगनाथभाऊ इस्त्रीचा सदरा घालून, गळ्याचं बटण लावून, महापालिकेच्या शाळेत रांगेत उभे राहिले.

आत टेबलाशी बसलेल्या एका पक्षाच्या माणसानं हरकत घेतली. “मॅडम, याला काय कळतंय? हे ज्यांच्या घरात राहतात, ते सांगतील तिथं बटण दाबणार.”

केंद्राच्या अधिकारी एक शिक्षिका होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि थेट रंगनाथभाऊंना विचारलं, “नाव काय तुमचं?”

त्यांनी वडलांच्या नावासकट सांगितलं.

“कशासाठी आलात?”

“मत टाकायला.” मग जरा थांबून, “तुमी टाकलं का?”

“माझं नंतर, पोस्टानं.”

“इसरू नका हं,” रंगनाथभाऊ म्हणाले.

सगळी खोली हसली, हरकत घेणारासुद्धा. बाईंनी त्यांच्या बोटाला शाई लावली. ते पडद्याआड गेले, एकटेच. बराच वेळ काही झालं नाही. मग मशीनचा तो लांबलचक आवाज आला, आणि पाठोपाठ आतून त्यांचा, “लई ग्वाड वाजतंय! अजून एकदा दाबू का?”

बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, “कुणाला दिलं, भाऊ?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच अडाणी. “सांगायचं नसतंय, ताई.” मी पुन्हा कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. अंघोळ करताना मात्र बोटाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून घ्यायचे, शाई जाऊ नये म्हणून.

आता वैष्णवीबद्दल सांगायला हवं.

एका रविवारी सकाळी दारात एक मुलगी उभी. पंचविशीची, अंगावर दवाखान्यातल्या नर्सचा पांढरा कोट, ड्यूटीवरून सरळ आलेली. हातात एक जुनं, चारी बाजूंनी फाटलेलं रेशनकार्ड. आजोळची पेटी आवरताना तिला ते सापडलं होतं. त्यावर पाच नावं होती, आणि तिला घरातली माहीत होती चारच. पाचवं नाव रंगनाथ. आईला विचारलं तर आई रडायलाच लागली. त्यानंतर सहा महिने ही पोरगी सुट्टीच्या दिवशी एकेक वसतिगृह पालथं घालत होती.

“तुमच्या बहिणीचं नाव काय?” तिनं रंगनाथभाऊंना विचारलं.

“सुमी,” ते म्हणाले, क्षणाचाही विचार न करता. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचं नाव.

“मी सुमीची मुलगी,” ती म्हणाली, आणि ते रेशनकार्ड त्यांच्यापुढं धरलं. रंगनाथभाऊंनी तिला नीट न्याहाळलं. मग वळून मला सांगितलं, “ताई, भाची आली. च्या टाका.”

पुढच्या महिन्यात ती आईला घेऊन आली. सुमनबाई दारातच थबकल्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. त्यांनी लग्न झाल्यावर सासरी सांगितलंच नव्हतं, की आपल्याला भाऊ आहे. तसं सांगायचं नाही, असं आईवडलांनीच बजावलं होतं. असा भाऊ कळला तर मुलगी कोण करून घेणार? आणि एकदा न सांगितलेली गोष्ट मग सांगायची राहूनच गेली, नवरा गेला तरी.

रंगनाथभाऊ त्यांच्याजवळ गेले. “सुमे,” ते म्हणाले, “तू म्हातारी झाली गं.”

बाई ओक्साबोक्शी रडायला लागल्या. त्यांनी बहिणीचा हात धरला आणि तिला खुर्चीवर बसवलं. “रडू नको. इथं लई चांगलं हाय. इथं साखर किती, ते इचारत्यात.”

त्यानंतर वर्षभरात वैष्णवीचं लग्न ठरलं. आमच्याकडं रीत अशी, की नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं. सुमनबाईंच्या एका चुलतभावानं आजवर मामा म्हणून सगळे मान घेतले होते, तोच आणणार होता. वैष्णवीनं सांगितलं, “मला माझा सख्खा मामा आहे. तोच आणेल.”

घरात वादळ झालं. पाव्हण्यांना काय सांगायचं? मुलाला माहीत होतं, पहिल्याच भेटीत तिनं त्याला सांगून टाकलं होतं. पण त्याच्या घरच्यांना नव्हतं. “रक्तात काही आहे का, असं विचारतील,” सुमनबाई म्हणाल्या. “मग विचारू दे. मी नर्स आहे, सांगेन,” वैष्णवी म्हणाली.

खरं सांगते, मीसुद्धा नकोच म्हणाले. एवढी गर्दी, तो बँड, ती सगळ्यांची नजर. कुणी हसलं तर? ते घाबरले आणि मधेच खाली बसले तर? मी वैष्णवीला बाजूला घेऊन हे सांगत होते, आणि रंगनाथभाऊ दाराआडून ऐकत होते.

“ताई,” ते आत आले, “भीती तुमाला वाटती का मला?”

मी ओढणी सारखी करत राहिले.

“मला नाय वाटत. तुमाला वाटत असंल तं माझ्या मागं उभ्या ऱ्हावा.”

मग तालीम सुरू झाली. फाटकापासून जिन्यापर्यंत बरोबर एकवीस पावलं भरत होती. फाटक म्हणजे नवरीची खोली, जिना म्हणजे बोहलं. नवरी व्हायला पप्पू एका पायावर तयार. माझी ओढणी डोक्यावर, हातात झेंडूचा हार, मान खाली. रोज संध्याकाळी रंगनाथभाऊ पप्पूचा हात धरून, ओठांत मोजत, एकेक पाऊल टाकत जिन्यापर्यंत यायचे. मुकुंदराव गुणगुणायचे, ती सनई. जिन्याशी पोचल्यावर पप्पू दररोज खरंखुरं रडायचा. “सासरी जायचं नाही!” मग त्याला बिस्किट देऊन माहेरी परत आणावं लागे. गल्लीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. पंधरा दिवसांत रंगनाथभाऊंनी इतक्या वेळा पप्पूला बोहल्यावर चढवलं, की त्यांची चाल कुठल्याही पाटलाला शोभावी अशी झाली.

लग्न सिल्लोडच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. आम्ही सगळे गेलो, सलीमभाईसुद्धा. रंगनाथभाऊंना भगवा फेटा बांधला होता आणि त्यांनी मान जराही हलवायची नाही असं ठरवलं होतं. गुरुजींनी पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

दार उघडलं. रंगनाथभाऊ आणि त्यांचा हात धरून वैष्णवी. मी चार पावलं मागं. ते सुंदर चालत होते, ताठ, सावकाश. ओठ हलत होते. मी मागून मोजत होते, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस.

आणि ते थांबले.

कार्यालय आमच्या फाटक-जिन्यापेक्षा लांब होतं. बोहलं अजून बरंच पुढं. मी सगळ्याची तालीम घेतली होती, फक्त अंतर मोजलं नव्हतं. भर मांडवात, सगळ्यांच्या नजरांसमोर, नवरी आणि मामा उभे. कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या रांगेत सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले. मी पुढं व्हायला पाऊल उचललं.

पण रंगनाथभाऊ घाबरलेले नव्हते. ते विचारात पडले होते.

वैष्णवी त्यांच्याकडं झुकली. “मामा, अजून थोडं आहे.”

“एकवीस झाले,” ते म्हणाले.

“मग परत एकपासून मोजू या.”

त्यांनी तिच्याकडं वळून बघितलं. इतका वेळ न हललेला फेटा हलला. “चालतंय असं?”

“चालतंय, मामा.”

त्यांचा चेहरा असा उजळला, की तो मी विसरू शकत नाही. त्यांनी पाऊल उचललं आणि या वेळी ओठांत नाही, मोठ्यानं म्हणाले, “एक!”

“दोन!” आमच्या रांगेतून पप्पू ओरडला. “तीन!” सलीमभाई. मग खाली सतरंजीवर बसलेली लहान मुलं. “चार! पाच!” सहाला नवऱ्याकडची तरणी मंडळी सामील झाली, सातला बायका, आणि नऊला रंगनाथभाऊ भाचीला घेऊन बोहल्यावर चढले, तेव्हा अख्खा मांडव टाळ्या वाजवत होता. नवऱ्यामुलाच्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, “ही त्यांच्याकडची पद्धत आहे का?” शेजारी होते सलीमभाई. ते म्हणाले, “हां साहेब, पुरानी है.”

जेवणं झाल्यावर सुमनबाई ताटात राखी घेऊन आल्या. राखीचा दिवस नव्हता. कुणी काही म्हटलं नाही. एक बांधून झाली, मग त्यांनी दुसरी काढली, मग तिसरी. रंगनाथभाऊंनी हात पुढं धरूनच ठेवला. “होतंय, होतंय, सुमे,” ते म्हणाले, “बांध.”

परतीच्या गाडीत ते झोपले नाहीत. शहर जवळ आलं तेव्हा मला म्हणाले, “ताई, एकवीस संपले ना, तं परत एकपासून धरायचं. लई सोप्पं हाय.” त्यानंतर त्यांनी जग मोजायला घेतलं. माझं वय दोन एकवीस अन् अकरा निघालं, आणि ते त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. हृदयाचं दुखणं वर्षभर होतंच. झोपेतच गेले. सकाळी कुणी दार वाजवून झोप लागली का विचारलं नाही, तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवशी सलीमभाईंनी गिरणी बंद ठेवली. वैष्णवी तिच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली, सुमनबाई आल्या. मुकुंदराव रात्रीपर्यंत गुणगुणत राहिले. पप्पूनं त्याच संध्याकाळी मला विचारलं, “मंगळवारी कारली मी खाऊ?” त्यानं खाल्ली. तोंड वेडंवाकडं करत, पण संपवली.

पण मला ते आठवतात ते आदल्या दुपारचे.

डॉक्टरांनी त्यांना जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. शेजारच्या देशमुखकाकूंनी आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्या गच्चीवर लिंबाची सावली येते म्हणून. दुपारी मी भाऊंची गोळी द्यायला गेले, तर खोली रिकामी. मी धावत वर गेले.

उन्हात एक प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीत रंगनाथभाऊ, एका हातात काळी छत्री, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत. समोर पांढऱ्या धोतरावर कुरडयांच्या रांगा, आणि धोतराचा एक कोपरा साफ मोकळा.

“भाऊ, जिना चढायचा नाही म्हणलं होतं ना?”

त्यांना बोलता आलं नाही. गाल भरलेले होते. त्यांनी ‘थांबा’ म्हणून बोट वर केलं, सावकाश चावून घास गिळला. मग वाकून अजून एक अर्धओली कुरडई उचलली, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढं धरला.

“खावा, ताई. राखन करून भूक लागती.”

“आणि काकूंना काय सांगू?”

त्यांनी छत्रीखालून आभाळाकडं बघितलं. आभाळ निळं, रिकामं, एक पाखरू नाही.

“कावळा म्हना.”

मी रागावणार होते. पण ऊन फार होतं, आणि त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर सरकवली होती. मी त्यांच्या शेजारी पाण्याच्या टाकीच्या कडेला टेकले आणि तुकडा तोंडात टाकला. गव्हाचा चीक, जरा चिकट, जरा हिंगाचा वास.

“कुठाय तुमचा कावळा?” मी विचारलं.

रंगनाथभाऊंनी माझ्या हलत्या तोंडाकडं बघितलं, आणि पुढच्या दोन दातांच्या त्या खिडकीतून हसू बाहेर पडलं.

“आता दोन झाले,” ते म्हणाले.